सांजार चालत का नाही

आमचा सांजार सतरा महिन्यांचा झाला तरी चालत नव्हता, आणि ह्या उन्हाळ्यात आमच्या घरात, आमच्या गल्लीत आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातसुद्धा दुसरा विषय नव्हता. मी साखर आणायला गेले की दुकानवाली पुडा पुढे सरकवत विचारायची, "काय गं सेझिम, उठला का तुमचा बसका खान?"

उठला नव्हता. तब्येत म्हणाल तर कोकरासारखी गुबगुबीत. रांगायचा असा की कोंबड्या पंख पसरून वाट सोडायच्या. धरून उभा केला की क्षणभर राहायचा, मग कुणीतरी कळ दाबल्यासारखा मट्कन खाली. डॉक्टरीणबाईंनी त्याचे गुडघे वाकवून बघितले, तळव्यांना गुदगुल्या केल्या आणि सांगितलं, "काही झालेलं नाही. मनात आलं की चालेल."

मनात कधी येणार, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

बाकीच्यांचं ठीक होतं, त्यांना नुसत्या गप्पा हव्या होत्या. घाई होती जिबेक वहिनीला. वहिनी म्हणजे माझ्या कुबातदादाची बायको, सांजारची आणि पाच वर्षांच्या अकमारलची आई. लग्नाआधी एक वर्ष ती आमच्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मग लग्न, मग अकमारल, मग सांजार, आणि बघता बघता सहा वर्षं घरात गेली. ह्या मे महिन्यात जीवशास्त्राच्या जुन्या बाई निवृत्त झाल्या आणि हेडसरांचा निरोप आला की जागा पंधरा ऑगस्टपर्यंत तुझ्यासाठी ठेवतो, पुढे नाही. वहिनी त्याच दिवशी बालवाडीत जाऊन आली. अकमारलचं नाव लागलं. सांजारचं लागेना. "रांगणारं पोर मी घेत नाही," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. "मला हात दोन आणि मुलं बावीस. स्वतःच्या पायांनी दारातून आत आला पाहिजे."

घरी सांभाळायला दुसरं कोण होतं? आई-बाबा आणि दादा मेंढरं घेऊन वर कुरणावर, ते थंडी पडल्याशिवाय खाली उतरत नाहीत. आणि मी तर स्वतःच नववीत.

वहिनीला मी सबंध उन्हाळा बघत होते आणि तिला हात नक्की किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. उजाडताच गाय. मग साय काढायचं यंत्र फिरवायचं, ते फिरवताना सांजार पाठीवर आणि अकमारल यंत्राच्या चोचीखाली बोट धरून. तेवढ्यात कणीक मळायची. तेवढ्यात जर्दाळू! जुलैत आमच्याकडे जर्दाळू कुणासाठी थांबत नाहीत, टपाटप पडतात, आणि त्याच दिवशी फोडून, बी काढून गोठ्याच्या सपाट छपरावर वाळत घातले नाहीत तर मुंग्या आणि गांधीलमाश्या आपापसात वाटून घेतात. हे सगळं चालू असताना अकमारलचे प्रश्न वेगळेच. "आई, बैल दूध का देत नाही? आई, सगळं गोठतं तरी आपलं सरोवर का गोठत नाही, खाली कुणी चूल पेटवलीय का? आई, सेझिम आत्याच्या नाकावर ते लाल काय आलंय?" हा शेवटचा प्रश्न तिने पाहुण्यांसमोर विचारला होता.

पण ऊन डोक्यावर आलं की वहिनी सगळं सोडायची. झाडाखाली लोकरीचं जाजम टाकायची, चहा ओतायची आणि खिशातून भिंग काढायची. रोज एकच गोष्ट बघायची, असा नियम. एक दिवस मीठ, एक दिवस माशीचा पंख, एक दिवस अकमारलच्या गुडघ्यावरची खपली. उत्तर ती लगेच देत नसे. "तुला काय वाटतं?" म्हणायची आणि चहा पीत वाट बघायची. दिवसभर बकरीसारखी उड्या मारणारी अकमारल त्या तासाभरात हलायची नाही. मीही जाऊन बसायचे. मिठाचे डोंगर एकदा बघितले ना, की जेवताना चिमूटभर मीठ टाकतानासुद्धा हात थबकतो.

तर, सांजार. शेजारच्या बुरुल आजी रोज कुंपणावरून डोकवायच्या.

"जिबेक, अगं त्याचा दोरा काप. प्रत्येक पोराच्या पायांना न दिसणारा दोरा असतो. तो तुटल्याशिवाय पोर सुटत नाही. त्या डॉक्टरिणीला काय कळतंय?"

"आजी, पोराने पहिलं पाऊल टाकलं की मग दोरा कापतात ना? ह्याने पाऊलच टाकलेलं नाही."

"मग आधी काप. उलटं केलं म्हणून काय आभाळ कोसळतंय?"

आमच्यात पोर चालायला लागलं की काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोरा त्याच्या दोन्ही घोट्यांना वेढे देऊन बांधतात. त्याला अंगणात उभं करतात. गल्लीतली सगळी मुलं लांबून धावत सुटतात, जो पहिला पोचेल तो दोरा कापतो आणि बक्षीस घेतो. आणि ज्याने कापला त्याच्यासारखी पोराची चाल होते म्हणतात. माझा दोरा एका लंगडणाऱ्या मुलाने कापला होता, तो म्हणे सगळ्यात जोरात धावायचा. मी लंगडत नाही. पण धावते मात्र जोरात.

"वहिनी, तुझा विश्वास आहे ह्यावर?" मी विचारलं.

"दोऱ्यावर नाही," ती जर्दाळू फोडत म्हणाली. "पण पंचवीस पोरं आरडाओरडा करत अंगावर धावून आली तर बसलेला माणूस उठेल की नाही? प्रयोग समज."

शनिवार ठरला. बालवाडीच्या बाईंना खास बोलावणं गेलं, म्हणजे पोराने पाऊल टाकलंच तर ते त्यांच्या डोळ्यांसमोर. वर कुरणावर निरोप गेला आणि माझी आई दोरा वळायला बसली.

प्रयोग म्हटलं की मला गप्प बसवत नाही. वहिनी पोरांकडून त्याला उठवण्याची तयारी करत होती, पण मुळात तो बसतो का, हे कुणी बघतच नव्हतं! मी ठरवलं, आपण बघायचं.

मंगळवारी पाटाच्या पाण्याची आमची पाळी होती. सगळी बाग भिजली. बुधवारी सकाळी चिखल आंबलेल्या कणकेसारखा घट्ट झाला होता, आणि गोठ्यामागे, जिथे आम्ही मोठी माणसं सहसा जात नाही, तिथे मला पावलं दिसली. अनवाणी. एक जोडी अकमारलची, तिचं उजव्या पायाचं एक बोट शेजारच्या बोटावर चढलेलं आहे, त्यामुळे ओळखायला वेळ लागत नाही. दुसरी जोडी तिच्याहून खूप लहान. डावं, उजवं, डावं, उजवं. मध्ये गुडघ्यांच्या खुणा नाहीत, तळहातांच्या नाहीत.

मी एक काडी तोडली, त्या छोट्या पावलाएवढी मोडून घेतली आणि अंगणात आले. सांजार उलट्या पातेल्यावर चमचा बडवत बसला होता. त्याचा पाय उचलून मी काडी लावली. तंतोतंत! सांजारने माझ्याकडे बघितलं, हसला, आणि काडी खाल्ली.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. ओसरीत फळीवर वाळत घातलेलं कुरुत कमी होत होतं. चक्क्याचे ते खारट गोळे वहिनी फडक्याखाली झाकून ठेवायची, आणि रोज चार-पाच गायब. "मैना नेतात," वहिनी म्हणायची. मैना फडकं परत नीट पसरून जात नाहीत, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं.

गुरुवारी मी जर्दाळूची पाटी घेऊन गोठ्याच्या छपरावर चढले आणि काठाशी पालथी पडून राहिले. थोड्या वेळाने अकमारल आली, काखेत सांजार, दोघांचं वजन जवळपास सारखंच. गोठ्यामागे आल्यावर तिने त्याला जमिनीवर ठेवलं. आणि तो पळाला! चालला नाही, पळाला. पिवळ्या कोंबडीच्या मागे, हात वर करून, पोट पुढे काढून, खिदळत.

अकमारलने त्याला दोन फेऱ्या मारू दिल्या. मग तळहात खाली करून म्हणाली, "बस!"

सांजार मट्कन बसला. अकमारलने खिशातून कुरुत काढून त्याच्या तोंडात कोंबलं.

"ऊठ." उठला. "आई आली! बस!" बसला. कुरुत.

माझ्या हातातले अर्धे जर्दाळू खाली पडले. अकमारलने वर बघितलं.

"आत्या, तू हेर आहेस का?"

"आणि तू कोण आहेस? सर्कसवाली?" मी शिडीवरून घसरतच खाली आले. "कधीपासून चालतोय हा?"

"स्ट्रॉबेऱ्या पिकल्या होत्या तेव्हापासून."

म्हणजे जूनपासून. दीड महिना! दीड महिना आम्ही त्याच्या पायांना चरबी चोळत होतो.

"आणि तू आईला सांगितलं नाहीस?"

"ती विचारते, सांजार कधी चालेल. कधी चालेल ते मला काय माहीत?"

"अकमारल!"

तिने जमिनीकडे बघत बोटाने मातीत खड्डा केला. "तो चालला की आई शाळेत जाणार. मग ती तिथल्या मुलांना मीठ दाखवणार. ती तीसजणं आहेत आत्या, मी खिडकीतून मोजलीत. भिंग एकच आहे. आमची पाळी कधी येणार?"

मग आईला न सांगण्याची तिने मला भाकरीची शपथ घ्यायला लावली आणि मी घेतली. मला वाटलं, शनिवारी तर दोरा कापणारच आहेत, पंचवीस पोरं अंगावर आली की तो कुरुत विसरून पळेल आणि सगळं आपोआप सुटेल. मी कुणाची चहाडीही केलेली नसेन. इतकी हुशारी मी कुठून आणली होती कोण जाणे.

तरी संध्याकाळी मी एक प्रयत्न केला. वहिनी चुलीपाशी होती, सांजार दाराजवळ. मी समोर बसून कुरुतचा मोठा गोळा दाखवला. "ये सांजार, ये इकडे, ये माझ्या राजा." सांजार उठायला लागला. ढुंगण वर झालं, एक हात सुटला. वहिनीच्या हातातली पळी थांबली. तेवढ्यात कोपऱ्यात बाहुलीचे केस विंचरणाऱ्या अकमारलने न बघता तळहात खाली केला. सांजार बसला, रांगत माझ्यापर्यंत आला आणि गोळा घेऊन गेला.

"जवळजवळ उठला होता, नाही का?" वहिनी म्हणाली. तिचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना.

त्याच संध्याकाळी वरून येणाऱ्या गाडीने घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, किमिझच्या, दोन बाटल्या आणि आईने वळलेला दोरा आणून दिला. सुरेख होता, काळा-पांढरा, पिळावर पीळ, मांजराच्या शेपटीसारखा जाड. वहिनीने तो ताटलीत गुंडाळून फळीवर ठेवला.

शुक्रवारी सकाळी ताटली रिकामी.

वहिनीने घर उलथंपालथं केलं. रचून ठेवलेल्या सगळ्या दुलया उतरवल्या, पिठाच्या पोत्यामागे बघितलं, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला. एका बाजूला बोर्सोकची कणीक फुगत होती, उद्या साठ माणसांना तळून घालायची होती. "दोरा कुठे जाईल? पाय फुटले त्याला?" ती म्हणाली आणि एकदम सतरंजीवर बसली. "पाय फुटायचे त्याला फुटत नाहीत."

आणि ती रडायला लागली. आवाज न करता, पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून. "उद्या त्या बाई येणार. हा बसून राहणार. सगळं गाव बघणार. मी काय सांगू सेझिम? सहा वर्षं मी म्हणत आले, पुढच्या वर्षी जाईन. आता पुढचं वर्ष राहिलं नाही."

भाकरीची शपथ मोडली तर काय होतं ते मला माहीत नाही. मोडली मी.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. कुरुत, तळहात, "आई आली, बस". आधी ती हसली, खरंच हसली, डोळे पुसत. "बस म्हटल्यावर बसतो? माझं तर ऐकत नाही!" मग हसू थांबलं. "कधीपासून?"

"जूनपासून."

ती उठली आणि पाय न वाजवता गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. मी मागोमाग. गोठ्यामागे सांजार एका हातात कोंबडीचं पीस घेऊन चालत होता, झिंगलेल्या माणसासारखा, आणि स्वतःशीच गात होता. वहिनी भिंतीला टेकून किती तरी वेळ बघत राहिली.

"पहिलं पाऊल मी बघितलंच नाही," ती हळूच म्हणाली. "ह्याच अंगणात होते. दोन हातांच्या अंतरावर. घरात राहिले ती हे बघायला ना? आणि मी जर्दाळू फोडत होते."

मला वाटलं आता अकमारलचं काही खरं नाही. पण वहिनी वळली ती थेट घरात गेली. "उद्याची वाट कशाला बघायची? मी आत्ताच हेडसरांना सांगून येते. सेझिम, पोरांकडे बघ." तोंडावर पाणी मारलं, कपडे बदलले आणि खालच्या कप्प्यातून शाळेचे काळे बूट ओढले. एक ओढला तर दुसराही बाहेर आला.

दोन्ही बूट एकमेकांना बांधलेले होते. काळ्या-पांढऱ्या दोऱ्याने. बंदांच्या भोकांतून, टाचांवरून, वेढ्यावर वेढा, आणि वर गाठी, एकावर एक, पाच वर्षांच्या बोटांना जेवढ्या घट्ट मारता येतात तेवढ्या.

अकमारल दारात उभी होती. तिचे ओठ पातळ झाले होते. ती माझ्याकडे बघत होती, आईकडे नाही.

वहिनी गाठी मोजायला लागली. "सात," ती म्हणाली. "का केलंस गं?"

"पाय बांधले की जाता येत नाही."

"मग सांजारचे का नाही बांधलेस?"

"तो रडला असता. बूट रडत नाहीत."

वहिनीने दोन्ही बूट उचलले, अंगणात नेले आणि घातले. दोन्ही पाय एकत्र, घोटे चिकटलेले, हात पसरून तोल सांभाळत ती मधोमध उभी राहिली. "बघ, बरोबर केलंस तू. आता मी शाळेत जाऊ शकत नाही. आणखी कुठे कुठे जाऊ शकत नाही? तुला काय वाटतं?"

अकमारल बुटांकडेच बघत राहिली.

"गाईकडे?" वहिनी म्हणाली. "झाडाखाली?"

तेवढ्यात सांजार गोठ्यामागून आला. पीस उंच धरून, चालत, सगळ्यांच्या देखत. आम्हा कुणाकडे त्याचं लक्ष नव्हतं, पाटाचं पाणी चमकत होतं तिकडे निघाला होता. वहिनीने एक पाय उचलला, दुसरा आपोआप ओढला गेला, आणि ती पडता पडता वाचली.

"बस!" अकमारल किंचाळली. तळहात खाली. "सांजार, बस!"

सांजारने वळून बघितलं. विचार केल्यासारखा थांबला. आणि पुढे गेला.

मी धावत जाऊन त्याला पाटाच्या अलीकडे उचललं. जोरात धावते हे मी सांगितलंच आहे. तो माझ्या कानात पीस घालत राहिला. अकमारल मात्र तळहात तसाच धरून उभी, जणू तो कुणा दुसऱ्याचा हात होता.

"तो आता ऐकत नाही," ती म्हणाली.

"नाही," वहिनी म्हणाली. "तो सुटला. मी राहिलेय. हा दोरा असा सोडायचा नसतो, धावत येऊन कापायचा असतो. फाटकापासून."

"एकटीने?"

"एकटीनेच. म्हणजे पहिली तूच येशील."

"मी नाही कापणार."

"बरं. मग मी उभी राहते."

आणि ती उभी राहिली. ऊन तापलं. आत कणीक पातेल्याबाहेर आली असणार, पण मला तिथून हलवेना. वहिनी खरंच उभी राहणार होती, हे तिच्या मानेवरून कळत होतं, आणि अकमारलची मानही तशीच, तीच मान, फक्त लहान. कुंपणावर बुरुल आजींचं डोकं उगवलं.

"जिबेक! काय गं, नवस केलास का उन्हात उभं राहायचा?"

"दोरा कापायचाय, आजी."

"उद्या ना पोराचा?"

"पोराचा नाही. माझा."

"तुझा? ह्या वयात?"

"राहून गेला होता," वहिनी म्हणाली.

आजींनी बुटांकडे बघितलं, अकमारलकडे बघितलं, आणि त्यांना काय कळलं कोण जाणे, पण आवाज चढला. "मग बघतेस काय गं पोरी? आई उन्हात वाळतेय! धाव! माझी आंधळी शेळीसुद्धा एव्हाना पोचली असती!"

अकमारल फाटकाकडे गेली. चालत, पाय घासत. फाटकाला पाठ लावून उभी राहिली. मला वाटलं, आता बाहेर पळून जाईल. वहिनीला तेच वाटलं असावं, कारण तिचे पसरलेले हात खाली आले. मग अकमारलने चपला काढल्या, बाजूला नीट ठेवल्या, आणि धावली. डोकं खाली घालून, मुठी आवळून, जणू मागून पंचवीस पोरं येताहेत. वहिनीच्या पोटावर आदळली तेव्हा वहिनी पडलीच असती, मी मागून धरलं.

मी तिच्या हातात कात्री दिली. ती उकिडवी बसली. दोरा बोटाने चाचपला, पीळ उलगडला, काळा पदर वेगळा केला, पांढरा वेगळा. काळा कापला. कचकच आवाज आला, कात्री बोथट होती. मग थांबली.

"हा सकाळचा होता," ती म्हणाली. "पांढरा दुपारचा आहे. तो मी नाही कापणार."

वहिनीने खाली बघितलं. "शाळा साडेबाराला सुटते."

"रोज?"

"रोज. रविवारी तर नसतेच."

"शपथ?"

"भाकरीची."

अकमारलने माझ्याकडे असं बघितलं, की त्या शपथेची किंमत तिला आता कळलीय हे मला समजलं. "दुसरी घे."

वहिनीने विचार केला. "मी जे काही वर्गात दाखवीन, ते आधी तुला दाखवीन. आदल्या दुपारी. तुला कळलं तर त्यांना कळेल. तुला नाही कळलं तर मी माझा धडा बदलेन."

हे अकमारलला पटायला वेळ लागला. तिने दोनदा विचारून घेतलं, आधी म्हणजे आधीच ना, आणि मेलेल्या बेडकाचं असलं तरी ना. मग तिने कात्री खाली ठेवली आणि पांढऱ्या पदराच्या गाठी सोडायला बसली. स्वतःच मारलेल्या गाठी, सात. नखं लावून, दात लावून. बुरुल आजी कुंपणावरून "कापून टाक गं, कापून टाक" म्हणत राहिल्या, तिने ऐकलं नाही. दोरा सुटल्यावर तिने तो आईच्या डाव्या घोट्याभोवती दोन वेढे देऊन बांधला. बूट मोकळे झाले.

"आता जा," ती म्हणाली.

वहिनीने आधी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. इतका वेळ उभी राहून पाय आखडले होते, त्यामुळे ती पहिली चार पावलं थोडी अकमारलसारखी, उड्या मारत मारत गेली. फाटकापाशी थांबून तिने सांजारच्या गालाचा मुका घेतला. गेली.

आम्ही तिघं फाटकात उभे. वहिनीच्या घोट्यावरचा पांढरा ठिपका धुळीतून खालीवर होत लांब चालला होता.

"आत्या, शाळा किती पावलं आहे?"

"असेल पाचशे."

"आईची की माझी?"

हे मला माहीत नव्हतं. नववीपर्यंत रोज त्याच रस्त्याने गेले, कधी मोजलं नाही. "मोजून बघू," मी म्हटलं, आणि सांजारला खाली ठेवलं. त्याने फाटकाचा उंबरा दोन्ही हातांनी धरून ओलांडला आणि रस्त्यात उभा राहिला. अकमारल आईच्या मागे मागे, तिच्या पावलावर पाऊल टाकायला बघत निघाली, पण ते पुरेना, एकाच्या जागी दोन पडायला लागली. तिला आकडे एकोणपन्नासपर्यंतच येतात. तिथे पोचली की ती मला ओरडून सांगायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची, आणि मी एक बोट दुमडायचे.

सहावं बोट दुमडलं तेव्हा वहिनी शाळेच्या पायऱ्यांवर होती. दार ढकलायच्या आधी तिने मागे वळून बघितलं. आम्ही तिघं रस्त्याच्या मधोमध, सांजार चिनाराच्या सावलीत, पीस हलवत, उभा.

तिने हात तोंडाशी नेले आणि तिथूनच ओरडून विचारलं, "किती झाली?"